शनी खरंच काही करतो की नुसता दाखवतो? पत्रिकेत ग्रहांची नेमकी भूमिका काय?

अबोली_

बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी ३४ वर्षांची, नोकरी बदलायची की नाही यावर गेले चार महिने आमच्या घरात परिसंवाद चालू आहे. मी पत्रिका फारशी मानत नाही पण पूर्ण नाकारतही नाही, म्हणजे मांजर आडवं गेलं की "काही नसतं गं" म्हणत दोन पावलं थांबणाऱ्यांपैकी. तर आईने परस्पर दोघांना पत्रिका दाखवली. पहिले तिच्या माहेरचे गुरुजी, रत्नागिरी जिल्ह्यातले, ऐंशीच्या पुढचे, माझ्या जन्माच्या वेळी त्यांनीच हाताने पत्रिका मांडलेली. ते म्हणाले शनी योगकारक (म्हणजे भलं करणारा) आहे, मकरेत स्वराशीचा, शश नावाचा चांगला योग झालाय, शुक्राची महादशा (आयुष्यातला शुक्राचा काळ) चालू आहे, साडेसातीला भिऊ नको, खुशाल बदल. दुसरे पुण्यातले, त्यांनी तारीख-वेळ कॉम्प्युटरला दिली आणि म्हणाले शनी षष्ठेश (सहाव्या स्थानाचा मालक) होऊन पंचमात (पाचव्या स्थानात) बसलाय, त्याची चंद्रावर दृष्टी, त्यात साडेसाती, वर केतूची महादशा, अजून दोन वर्षं आहे तिथेच गप बस.

शनी मकरेत आणि रास मीन, एवढं दोघांनाही मान्य.

माझे प्रश्न दोन. एकच ग्रह एकाच्या लेखी हीरो आणि दुसऱ्याच्या लेखी व्हिलन कसा? आणि दुसरा, जास्त मुळातला: ग्रह काही घडवतात असं हे शास्त्र म्हणतं, की घडणार असतं ते फक्त दाखवतात?

टवाळ_कार्टं

लग्नी वाद, सप्तमात भांडण, दशमात शतक. धाग्याची पत्रिका उत्तम आहे. पॉपकॉर्न घेऊन पहिल्या रांगेत.

विवेकी

दोघांना विचारलंत, दोन उत्तरं आली. तिसऱ्याला विचारा, तिसरं येईल. धागा इथेच संपला खरं तर.

पंचांगवाले_काका

विवेकी, संपू द्या की जरा आम्हालाही बोलून.

अबोली ताई, तुमचा पहिला प्रश्न सोपा आहे. ग्रहाला दोन भूमिका असतात. एक नैसर्गिक, ती सगळ्यांच्या पत्रिकेत सारखी. रवी म्हणजे आत्मा, वडील, अधिकार. चंद्र मन आणि आई. मंगळ धाडस, भावंडं, जमीनजुमला. बुध वाणी, हिशेब. गुरू ज्ञान आणि संतती, शुक्र विवाह आणि सुखोपभोग, शनी कष्ट, विलंब, आयुष्य. यात शनी-मंगळ पापग्रह आणि गुरू-शुक्र शुभ, एवढंच लोकांना माहीत असतं आणि तिथेच घोळ होतो.

दुसरी भूमिका लग्नावरून ठरते. लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तिथून बारा स्थानं मोजायची. मी नेहमी सांगतो, ग्रह म्हणजे मंत्री आणि लग्न ठरलं की खातेवाटप. मंत्री स्वभावाने कडक का असेना, त्याच्याकडे खातं कुठलं आलं ते बघायचं. रवी आणि चंद्राला एकेकच रास, म्हणजे एकच खातं. बाकी पाच जणांना दोन-दोन. आता तूळ लग्नाला शनीकडे चौथं आणि पाचवं स्थान येतं, एक केंद्र (१-४-७-१० पैकी) एक त्रिकोण (१-५-९ पैकी), म्हणून तो योगकारक. वृषभ लग्नाला नववं-दहावं, तिथेही तसंच. कर्क आणि सिंह लग्नाला हाच मान मंगळाला, ज्याच्या नावाने अख्खी लग्नं मोडतात. उलट गुरूसारखा सज्जन तुळेला तिसऱ्या-सहाव्याचा मालक होतो आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. तेव्हा शनी वाईट, गुरू चांगला असं सरसकट बोलणाऱ्याकडे पत्रिका नेऊच नये.

तुम्ही तूळ लग्नाच्या दिसता. गुरुजी बरोबर आहेत.

टवाळ_कार्टं

काका, मग राहू-केतू? त्यांना रासच नाही ना स्वतःची.

पंचांगवाले_काका

बिनखात्याचे मंत्री. ज्याच्या शेजारी बसतील त्याच्यासारखं वागतात. :)

खगोलवेडा

काकांच्या बिनखात्याच्या मंत्र्यांना शरीरही नाही. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे, ती पातळी चंद्र दोन ठिकाणी छेदतो, ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. म्हणून ते कायम समोरासमोर, बरोब्बर १८० अंशांवर, आणि कायम उलटे चालणारे, पूर्ण फेरी साडेअठरा वर्षांत. ग्रहणं या बिंदूंजवळच होतात, म्हणजे "राहूने गिळलं" ही गोष्ट भूमितीच्या अंगाने एकदम चोख आहे. मला या शास्त्राचं गणित फार आवडतं, फलिताबद्दल मौन.

के_पी_वाला

काकांशी असहमत. ताईंचं लग्न कन्या आहे, तूळ नाही, दुसऱ्या ज्योतिषांनी षष्ठेश म्हटलंय ते वाचा की. पण त्यांचंही फळ चुकलंय. सहावं स्थान म्हटलं की रोग, ऋण, शत्रू एवढंच लोक घोकतात, अहो नोकरीचं स्थान पण तेच. आमच्या कृष्णमूर्ती पद्धतीत (के.पी., ज्योतिषाचीच एक शाखा) २-६-१० ही नोकरीची स्थानं. नोकरीच्या प्रश्नाला षष्ठेश स्वराशीत बसलाय याचा अर्थ "गप बस" कसा काय होतो? शिवाय ग्रह आधी त्याच्या नक्षत्रस्वामीचं (ज्या नक्षत्रात बसलाय त्याच्या मालकाचं) फळ देतो, मग स्वतःचं. शनी कुठल्या नक्षत्रात आहे ते सांगा आधी.

रानवारा

प्रश्न दुसरा जास्त भारी आहे आणि त्यावर कुणी बोलतच नाहीये, सगळे शनीच्या खात्यात घुसलेत. करतो की दाखवतो, यावर परंपरेत चक्क उत्तर आहे. जुना ज्योतिषाचार्य वराहमिहिर त्याच्या लघुजातक ग्रंथात म्हणतो की मागच्या जन्मी जे शुभ-अशुभ साठवलं त्या कर्माचं फळ हे शास्त्र दाखवतं, अंधारातल्या वस्तू दिवा दाखवतो तसं. दिवा वस्तू तयार करत नाही, खुर्चीला पाय लागून पडलात तर दिव्याला शिव्या देणार का.

आता यातली गंमत बघा, दिवा असेल तर शांत कुणाची करायची? नीलम घालून, तेल वाहून कर्म बदलतं की दिवा मालवला जातो?

सुगरण_बाई

रानवारा, दिवा असला की निदान खुर्ची बाजूला सरकवता येते की. तेल वाहणं म्हणजे तेच.

मी स्वतः साडेसातीत साडेसात वर्षं शनिवारी मारुतीला गेले. शनी खूश झाला का ते माहीत नाही पण आठवड्यातून एकदा तासभर घराबाहेर पडून शांत बसायला मिळालं, सासूबाई पण काही बोलू शकत नव्हत्या कारण देवळात जात होते ना. त्या साडेसात वर्षांत माझं डोकं ठिकाणावर राहिलं ते त्या तासामुळे. याला ग्रहाची भूमिका म्हणा नाहीतर मारुतीची.

नीरजा_म

सुगरण बाई, +१००. आमच्याकडे "शनिवार आहे" या दोन शब्दांवर बरीच कामं निघून जातात.

विवेकी

साडेसातीचं साधं गणित करा. शनी एका राशीत अडीच वर्षं. जन्मराशीच्या आधीची, जन्माची आणि नंतरची, अशा तीन राशींना एकाच वेळी साडेसाती. बारातल्या तीन. म्हणजे कुठल्याही क्षणी दर चार माणसांतला एक साडेसातीत असतो. २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, मकरवाले सुटले आणि मेषवाले अडकले. मकरेच्या समस्त जनतेचं ३० मार्चच्या सकाळी काय भलं झालं?

टवाळ_कार्टं

मी मकर. ३० मार्चला गुढीपाडवा होता, सकाळी श्रीखंड मिळालं. अजून काय पाहिजे.

विवेकी

:D बरं. आता गंभीरपणे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली चाचणी इथे किती जणांना माहीत आहे? शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर गतिमंद मुलांच्या पत्रिका. ज्योतिषांना त्यातल्या चाळीस-चाळीस दिल्या आणि विचारलं, सांगा कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं तरी ५० येतात. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, त्यांच्या १०२ बरोबर आल्या. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आलंय हे. दिवा, दिवा म्हणताय त्या दिव्यात खुर्ची निम्म्या वेळाही दिसत नाही.

पंचांगवाले_काका

माहीत आहे हो ती चाचणी. एकच गोष्ट निवडायची आणि हो किंवा नाही सांगायचं, समोर माणूस नाही, मागच्या घटना नाहीत, वेळ तपासायची सोय नाही. वैद्याला नाडी न दाखवता नुसता वजनाचा आकडा पाठवून रोग ओळख म्हणण्यासारखं आहे. तरी आकडे आमच्या बाजूचे नाहीत हे मान्य करतो, उगाच कशाला भांडू.

विवेकी

काका, हे एवढं सरळ मान्य करणारे तुम्ही पहिलेच. नमस्कार घ्या.

टवाळ_कार्टं

अरेरे. भांडणाचा योग भंग पावला.

कृष्णाकाठ

अवांतर: आमच्याकडे ग्रहांची भूमिका म्हणजे पत्रिकेपेक्षा उत्सवाची. गुरू कन्येत गेला की कृष्णेचा कन्यागत पर्वकाळ, नृसिंहवाडीला ही गर्दी. सिंहेत गेला की गोदावरीचा सिंहस्थ, मागचा नाशिकला २०१५ चा. गुरूला फेरी मारायला जवळजवळ बारा वर्षं लागतात म्हणून हे बारा वर्षांनी येतं. माझे आजोबा माणसाचं वय गुरूच्या फेऱ्यांत मोजायचे, "मी सहा कन्यागत बघितलेत" म्हणायचे. यात कुणाचं भलंबुरं नाही, नुसतं आकाशातलं घड्याळ.

खगोलवेडा

कृष्णाकाठ, सुंदर. घड्याळावरून आठवलं, आठवड्याचे वारसुद्धा ग्रहांनीच लावलेत. मंदाकडून वेगवानाकडे क्रम लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होऱ्यांना, म्हणजे तासांना, याच क्रमाने मालक द्या. शनिवारची पहिली होरा शनीची, मग गुरू, मंगळ असं फिरत फिरत पंचविसावी, म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहिली, येते रवीची. म्हणून शनिवारनंतर रविवार. त्याच हिशेबाने पुढे सोमवार, मग मंगळवार. कागदावर करून बघा, मजा येते.

रानवारा

आणि तो "होरा" शब्द ग्रीक. केंद्र, पणफर, आपोक्लीम ही पत्रिकेतल्या स्थानांची नावं पण तिकडचीच. वेदांग ज्योतिषात मेष-वृषभ राशी नाहीत की ग्रहांवरून माणसाचं भविष्य नाही, ते यज्ञाच्या वेळा काढायला होतं. वराहमिहिराने तर सरळ लिहून ठेवलंय की यवन (म्हणजे ग्रीक) म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट प्रस्थापित आहे, म्हणून त्यांनाही ऋषींसारखं पूजतात. तेव्हा "वैदिक ज्योतिष" या नावातला वैदिक जरा सैलसरच घ्यावा. इथे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर त्यांनी गुरूला दूध वाहावं.

सुगरण_बाई

माझ्या मुलाच्या पत्रिकेत बुधादित्य योग (रवी-बुध एका राशीत) आहे, अत्यंत बुद्धिमान होणार असं सांगितलेलं. दहावीला गणितात काठावर. बुधाची भूमिका काय होती ते जरा बघा.

खगोलवेडा

बुध आकाशात सूर्यापासून २८ अंशांपलीकडे कधी जातच नाही. रास ३० अंशांची. त्यामुळे बुध एकतर रवीच्याच राशीत असतो नाहीतर शेजारच्या. हा योग इतका पसरलेला आहे की तुमच्या इमारतीत दर मजल्यावर दोन-तीन बुधादित्य सापडतील.

टवाळ_कार्टं

आमच्या ऑफिसात सगळेच बुधादित्य आहेत, म्हणूनच मीटिंगा लांबतात.

नीरजा_म

मग पत्रिकेत ते ह, ने, प्लू लिहिलेलं असतं त्यांचं काय? नवग्रहांत तर ते नाहीत.

पंचांगवाले_काका

हर्षल, नेपच्यून, प्लुटो. जुन्या शास्त्रात नाहीत, डोळ्यांनी दिसत नव्हते तर असणार कुठून. महाराष्ट्रातले ज्योतिषी मात्र आवडीने मांडतात. हर्षल १७८१ ला सापडला, शोधणारा हर्शेल, जग त्याला युरेनस म्हणतं आणि आपण मराठी लोक शोधणाऱ्याचंच नाव धरून बसलोय. अचानक घडामोडी, विक्षिप्तपणा त्याच्या खात्यावर टाकतात. मी स्वतः पत्रिकेत लिहितो, फळ सांगताना वापरत नाही.

विवेकी

२००६ साली प्लुटोचं ग्रहपद गेलं तेव्हा कुणाच्या आयुष्यातल्या अडचणी कमी झाल्या का?

टवाळ_कार्टं

प्लुटोच्या वाढल्या.

खगोलवेडा

अहो मंडळी, विनोद पुरे, मी मघापासून कागद-पेन घेऊन बसलोय आणि एक गोष्ट लक्षात आली आहे. काका म्हणतात ताईंचं लग्न तूळ, के_पी_वाला म्हणतात कन्या, आणि दोघंही बरोबर आहेत!

बघा. गुरुजी म्हणाले योगकारक शनी, म्हणजे वृषभ किंवा तूळ लग्न. शश योगाला शनी केंद्रात पाहिजे. मकर रास वृषभेपासून नववी, ते केंद्र नाही. तुळेपासून चौथी. म्हणजे गुरुजींची पत्रिका तूळ लग्नाची. पुण्याचे म्हणाले षष्ठेश आणि पंचमात. मकर पाचवी येते ती कन्या लग्नाला. म्हणजे शनीच्या भूमिकेबद्दल दोघांचं भांडणच नाही. ताई, तुमच्या घरात दोन वेगळ्या पत्रिका फिरतायत.

त्याहून मोठा पुरावा म्हणजे दशा. दोघांनी सांगितलेल्या महादशा ज्या पद्धतीने काढतात ती विंशोत्तरी दशा फक्त चंद्राच्या नक्षत्रातल्या जागेवरून निघते, तिथे मताला वावच नाही, निव्वळ त्रैराशिक आहे. एकाने शुक्र सांगितला आणि दुसऱ्याने केतू, म्हणजे दोघांनी चंद्रच वेगळ्या अंशावर धरलाय. दोन्ही कागदांवर लग्न आणि चंद्र किती अंशांवर आहेत ते लिहा. मला एक संशय आहे.

पंचांगवाले_काका

अरे देवा. रत्नागिरी जिल्हा म्हणाल्या नाही का त्या. कळलं.

अबोली_

आत्ताच आईकडून दोन्ही कागदांचे फोटो मागवले. खगोलवेडा, तुम्ही ग्रेट आहात!

गुरुजींची: लग्न तूळ १ अंश, चंद्र मीन १२ अंश.
पुण्याची: लग्न कन्या २७ अंश, चंद्र मीन ८ अंश.

जन्मवेळ दोन्हीकडे तीच. सगळं चार अंशांनी सरकलंय, हे काय आहे?

पंचांगवाले_काका

टिळक पंचांग. गुरुजी त्या पंचांगाचे आहेत.

राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची यावरचा जुना वाद आहे हा. एक पक्ष चित्रा तारा १८० अंशांवर धरतो, तो चित्रापक्ष. मेघनाद साहा समितीने तोच घेतला, १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यावर आहे, तुमच्या मोबाईलमधली बहुतेक सगळी ॲपंही त्यावरच. दुसरा रैवतपक्ष, तो रेवतीचा एक तारा आरंभाला धरतो. केरोपंत छत्र्यांचं पटवर्धनी पंचांग त्या पक्षाचं, लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी, त्यांनी ती बाजू उचलून धरली म्हणून टिळक पंचांग. दोन आरंभबिंदूंत जवळजवळ चार अंशांचा फरक. कोकणात अजूनही काही घरं हेच मानतात, त्यांचा अधिकमास कधी कधी वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर आधी येतात ते यामुळेच.

ग्रह राशीच्या मध्यात असेल तर चार अंशांनी बिघडत नाही, म्हणून तुमचा शनी दोन्हीकडे मकरेतच राहिला. लग्न नेमकं सीमेवर होतं, ते उडी मारून पलीकडे गेलं. आणि खातेवाटपच बदललं.

खगोलवेडा

दशेचं मी काढलंय. चंद्र दोन्ही हिशेबांत उत्तराभाद्रपदा नक्षत्रात, स्वामी शनी, महादशा १९ वर्षांची. नक्षत्र १३ अंश २० कलांचं (६० कला म्हणजे एक अंश), त्यात चार अंश म्हणजे तीन दशांश. १९ वर्षांचे तीन दशांश, पावणेसहा वर्षांच्या आसपास. म्हणजे ताईंचं आयुष्य एका कागदावर दुसऱ्यापेक्षा पावणेसहा वर्षं पुढे चाललंय. चित्रापक्षाने केतू वयाच्या साधारण २९ व्या वर्षी लागला, ३६ व्या वर्षी सुटणार. टिळक पंचांगाने केतू तिशीतच संपून शुक्र चालू झाला.

विवेकी

मी फक्त एवढंच विचारतो. आकाशात काहीच हललेलं नाही. शनी जिथे होता तिथेच आहे. माणसांनी फूटपट्टी चार अंश सरकवली आणि योगकारकाचा षष्ठेश झाला, राजयोगाचा "गप बस" झाला. मग भूमिका ग्रहाची की फूटपट्टीची?

पंचांगवाले_काका

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे याला उत्तर असतं ते म्हणजे घडून गेलेल्या घटनांवरून पडताळा घ्यायचा. ज्या पत्रिकेत मागचं जुळतं ती खरी धरायची. अबोली ताई, लग्न झालंय का तुमचं? कितव्या वर्षी?

अबोली_

हो, २६ वर्षं ५ महिने पूर्ण असताना.

पंचांगवाले_काका

तासभर गणित करून आलोय. जे निघालं ते जसंच्या तसं सांगतो.

टिळक पंचांगाने त्या वेळी केतूची महादशा, त्यात मंगळाची अंतर्दशा (महादशेतला छोटा काळ). तूळ लग्नाला सप्तमेश, म्हणजे विवाहस्थानाचा मालक, मंगळ. म्हणजे सप्तमेशाच्या अंतर्दशेत विवाह, पुस्तकात छापावं असं उदाहरण.

चित्रापक्षाने त्या वेळी बुधाची महादशा, त्यात गुरूची अंतर्दशा. कन्या लग्नाला सप्तमेश गुरू. म्हणजे इथेही सप्तमेशाच्या अंतर्दशेत विवाह, हेही पुस्तकात छापावं असंच.

चाळीस वर्षं पत्रिका बघतोय, कुठलीही एकच समोर आली असती तर मी छाती ठोकून "बघा, जुळलं" म्हणालो असतो.

टवाळ_कार्टं

काका ___/\___

रानवारा

मला वाटतं इथे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळ आलंय. ग्रह "करत" असते तर करणाऱ्याला आपल्या फूटपट्टीशी घेणंदेणं नसतं, विस्तव कुठल्याही पंचांगाने भाजतोच. ते दाखवतात असं म्हणावं तर दोन कागद दोन वेगळ्या गोष्टी दाखवून तेच लग्न लावतात. मग उरतं काय, तर ग्रह ही भाषा आहे, आपण आपली गोष्ट तिच्यात सांगतो. मराठीत सांगा नाहीतर कानडीत, लग्न २६ व्या वर्षीच झालेलं असतं. आणि ती भाषा मला आवडते बरं का, "माझ्या चंद्रावर शनीची दृष्टी आहे" हे "मला सारखं उदास वाटतं" पेक्षा सांगायला किती सोपं जातं.

नीरजा_म

हे पटलं. माझ्या आजीला डिप्रेशन हा शब्द माहीत नव्हता, "चंद्र बिघडलाय" म्हणायची आणि त्या दिवसांत तिला कुणी त्रास देत नसे.

के_पी_वाला

भाषा-बिषा ठीक आहे पण भाषेला व्याकरण असतं. घटना एकच तपासलीत, चार-पाच तपासा, एक पत्रिका आपोआप गळेल. शिवाय कृष्णमूर्ती अयनांश (राशीचक्राचा आरंभ ठरवणारा अंश) घ्या, सगळे वाद मिटतात.

खगोलवेडा

कृष्णमूर्ती अयनांश चित्रापक्षापासून काही कलांवरच आहे, वाद कुठला मिटतोय, ताईंचं लग्न कन्याच राहणार. चार-पाच घटनांचं मात्र मान्य, फक्त कुठली घटना कुठल्या ग्रहाची हे आधी कागदावर लिहून ठेवा आणि मग जुळवा. नंतर जुळवायला नऊ ग्रह, बारा स्थानं, दृष्ट्या आणि अंतर्दशा हाताशी असल्यावर न जुळणं अवघड आहे.

सुगरण_बाई

अबोली, तुझ्या नोकरीचं काय झालं ते सांग ना, सगळे चंद्रावर जाऊन बसलेत.

अबोली_

सुगरण बाई, थँक्यू, मी स्वतःच विसरले होते.

ऑफरला गुरुवारी हो कळवलं. मुहूर्त वगैरे काही नाही, उत्तर द्यायची मुदत त्या दिवशी संध्याकाळी संपत होती. सध्याच्या ठिकाणी मॅनेजर वैताग आहे आणि नव्या ठिकाणी पगार बरा आहे, ही दोन कारणं आधीपासूनच होती. आईला गुरुजींचं म्हणणं पुढे करून सांगितलं, ती खूश.

पण खरी बातमी पुढे आहे. काल मावशीचा फोन आला, सहज तिला विचारलं माझी जन्मवेळ कुणी टिपलेली. म्हणाली, अगं आजीने, तिच्या मनगटी घड्याळात बघून. आणि ते घड्याळ आजी कायम दहा मिनिटं पुढे ठेवायची, सकाळची एसटी चुकू नये म्हणून.

खगोलवेडा

लग्न चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतं. दहा मिनिटं मागे म्हणजे अडीच अंश मागे. गुरुजींचं तूळ १ अंश ते कन्या साडेअठ्ठावीस होतं. चंद्राला दहा मिनिटांत फरक पडत नाही, म्हणजे दशा शुक्राचीच. कन्या लग्न आणि शुक्र दशा. ताई, ही तिसरी पत्रिका.

विवेकी

धाग्यातला माझा पहिला प्रतिसाद कृपया परत वाचावा.

टवाळ_कार्टं

म्हणजे शश योग एसटीने गेला.

अबोली_

हो. आणि आईला अजून सांगितलेलं नाही, तिने गुरुजींसाठी पेढे पाठवलेत.